झटका खाल्लेला पट्टा

माझ्या सासूबाई कुठलीही वस्तू घेताना दोन घेतात. एक वापरायला आणि एक मोडायला. लग्न करून मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, माणसं भारी हौशी दिसतात, सगळं जोडीनं आणतात. मग एका दुपारी मागच्या अंगणात पाहिलं, तर बाई नव्या कोऱ्या छत्रीच्या काड्या एकेक करून उलट्या वाकवत बसल्या होत्या. "अहो आई, हे काय?" म्हटलं, तर मान वर न करता म्हणाल्या, "वाऱ्यात कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं."

त्यांचा तरी काय दोष! बत्तीस वर्षं बाईंनी पगार घेतला तो तोडायचाच. माल बांधायचे आणि गाडीत लावायचे पट्टे बनवणारा एक कारखाना होता, तिथे त्या कामाला होत्या. शिवणाऱ्या बायका साठ आणि तोडणाऱ्या ह्या एकट्या. शंभर पट्टे तयार झाले की त्यातला कुठलाही एक उचलून ह्यांच्या टेबलावर यायचा. ह्या तो मशीनच्या दोन जबड्यांत अडकवायच्या आणि तुटेपर्यंत ओढायच्या. हवा तेवढा ताण सोसून तुटला तर उरलेले नव्याण्णव विक्रीला बाहेर. आधीच तुटला तर अख्खा गठ्ठा शिवणाऱ्या बायकांच्या पुढ्यात परत. कारखान्यात त्यांना तोडबाई म्हणत, आणि ते नाव त्या घरी येऊन कौतुकानं सांगत.

मशीन कारखान्यात राहिलं, संशय घरी आला. दूधवाला, गॅसची नळी, औषधाच्या बाटलीवरची तारीख, शेजारणीची तब्येत, कशावर म्हणून बाईंचा विश्वास नाही. माझ्या बाबतीत त्यांची पंचाईत अशी झाली, की सून एकच आणली होती. मोडून बघायला दुसरी नव्हती.

विश्वास होता तो एका घुम्यावर. घुम्या म्हणजे कुत्रा. कारखान्याच्या फाटकाजवळ पडून असायचा. बाई निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी हा त्यांच्या मागोमाग चालत आमच्या दारात आला आणि पायपुसण्यावर बसला तो बसलाच. रंगानं मातकट, कान एक उभा एक आडवा, आणि भुंकायचं म्हणाल तर वर्षातून दोनदा. बाई त्याच्याशी जेवढं बोलत तेवढं आमच्या दोघांशी मिळून बोलत नसत.

आणि त्याच घुम्याला मी जखमी केलं. आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. मी गाडी चालवत होते, शेजारी सासूबाई, त्यांच्या मांडीवर घुम्या. गल्लीतून एक स्कूटर सुसाट बाहेर आली. मी करकचून ब्रेक दाबला. स्कूटरवाला वाचला, आम्ही वाचलो, पण घुम्या मांडीवरून उडाला तो समोरच्या काचेखाली आपटला. पुढचा पाय मोडला. तो तेव्हाही भुंकला नाही, नुसता बघत राहिला. सासूबाई त्याला उचलत एवढंच म्हणाल्या, "तू वेळेवर पाहिलं नाहीस."

ते एक वाक्य, बस. त्यानंतर त्या माझ्या गाडीत बसल्या नाहीत. बाजारात बसनं, बहिणीकडे बसनं, डॉक्टरकडे घुम्याला घेऊन पायी. मी गाडीची किल्ली हातात घेतली की त्या चपला शोधायला लागत. माझ्या मनात ते किती सलत होतं, सांगून कळायचं नाही.

पाय जुळला, पण मग त्याचं खाणं कमी झालं. आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, फोटो काढला आणि सांगितलं, आत गाठ आहे. काढली तर कुत्रा जगेल. आतल्या आत फुटली तर तासाभराचा खेळ. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर अडीच तासांवरच्या दुसऱ्या शहरात, आणि तेही फक्त गुरुवारी. पुढच्या गुरुवारची सकाळी साडेनऊची वेळ मिळाली. हातात नऊ दिवस होते.

आता न्यायचं कसं? बसमध्ये कुत्रं घेत नाहीत. भाड्याच्या गाडीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मागं डिकीत टाकू की." बाईंनी फोन असा ठेवला की मला वाटलं फुटला. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाडी चालवता येत नाही. शिकतो शिकतो म्हणून अकरा वर्षं झाली. शिवाय ह्यांची त्या आठवड्यात बाहेरगावी ड्युटी होती. म्हणजे राहिले कोण? मी. पण सासूबाईंनी माझं नावही काढलं नाही. त्या म्हणाल्या, "आधी त्याला गाडीत कसं बांधायचं ते ठरू दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. म्हणजे त्या बसनं आणि मी गाडीनं. दुकानदार हसतमुख होता, बिचाऱ्याला कल्पना नव्हती. त्यानं आधी मागच्या सीटवर झोळीसारखं टांगायचं कापड दाखवलं. बाईंनी ते चिमटीत धरलं. "ह्यानं काय होतं?"

"केस सांडत नाहीत, आजी. सीट स्वच्छ राहते."

"म्हणजे हे सीटसाठी आहे. मी कुत्र्यासाठी विचारतेय."

मग जाळी आली, पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे अडकवायची. बाईंनी दुकानातच तिला गुडघ्यानं ढुशी दिली. चारातले दोन आकडे निखळले. मग गळ्यातल्या पट्ट्याला जोडायची साखळी आली. "गळ्याला? ब्रेक लागला की फाशीच की." शेवटी दुकानदारानं प्लास्टिकचा पिंजरा पुढे सरकवला आणि छाती फुगवून म्हणाला, "हा तपासलेला आहे."

"कुणी तपासला?"

"कंपनीनं."

"कंपनीत मीच होते," बाई म्हणाल्या. "शंभरातला एक तपासतात. हा त्यातला नव्हे."

तरी दोन पिंजरे घेतले. घरी येऊन एकात घुम्याच्या वजनाइतकं बावीस किलोचं वाळूचं पोतं भरलं आणि माझ्या हातून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून खाली ढकलायला लावलं. दाराची कडी अशी उडाली की शेजारी काय झालं म्हणून विचारायला आले. पिंजरे बाद. चांदीच्या रंगाचा आकडा असलेला एक छातीपट्टा आणला. छातीभोवती बसतो आणि सीटबेल्टला अडकतो, तसला. पहिल्याच झटक्याला आकडा उघडला. आतून प्लास्टिक निघालं, वर नुसता मुलामा. बाईंनी तो तुकडा दोन दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. जेवताना मला तो दिसावा म्हणून, असा माझा संशय आहे.

हो, संशय. एव्हाना तो मलाही जडला होता. नऊ दिवसांतले सहा गेले. काहीही आणलं की बाई नाक मुरडायच्या, तोडायच्या, बाजूला टाकायच्या. मी ह्यांना फोनवर म्हटलं, "तुमच्या आईला त्याला न्यायचंच नाहीये. खुसपटं काढून गुरुवार घालवायचाय त्यांना." ह्यांनी नेहमीप्रमाणे मूग गिळले. मला तर पुढचंही सुचत होतं. कुत्रं गाठीनं गेलं तर कुणाचा दोष नाही, माझ्या गाडीत गेलं तर आयुष्यभर मला ऐकवायला मिळेल, म्हणूनच हे चाललंय. किती वाईट विचार! पण आला होता, खोटं कशाला बोलू.

सोमवारी दुसऱ्या बनावटीचा छातीपट्टा आला. रुंद, आकडे खरे लोखंडी, शिवण आडवी-उभी. बाईंनी भिंगातून टाके मोजले. मग वाळूचं पोतं त्यात बांधलं, पट्ट्याचं टोक जिन्याच्या कठड्याला अडकवलं आणि म्हणाल्या, "सोड." मी पोतं सोडलं. कठडा करकरला, पट्टा ताणला गेला, पोतं लोंबकळलं. तुटलं काही नाही. पुन्हा सोडलं. तीनदा सोडलं. बाई खाली बसून एकेक टाका बोटानं चाचपत राहिल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "हा चालेल." अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले. त्यांनी त्या पट्ट्याच्या कडीला लाल दोरा बांधला आणि तो खुंटीवर टांगला. जोडीचा दुसरा पट्टा पिशवीतच राहिला.

गुरुवारी सकाळी सहाला निघालो. त्या माझ्या गाडीत बसल्या, मागच्या सीटवर, आठ महिन्यांनंतर. घुम्याला पट्टा मी अंधारातच घातला, सीटबेल्टला अडकवला, ओढून पाहिला. बाईंच्या हातात त्याचे कागद, पाणी, चादर. मी डोळ्यांत तेल घालून चालवत होते, आणि मानेवर त्यांची नजर जाणवत होती. आरशात पाहिलं की त्या रस्त्याकडे बघत असत. माझ्याच रस्त्याकडे.

सव्वासात वाजता पेट्रोल पंपावर थांबलो. घुम्याला पाय मोकळे करू द्यावेत म्हणून बाईंनी पट्ट्याला हात घातला आणि हात तिथेच थांबला.

"हा लाल दोरा?"

"तुम्हीच बांधलात ना."

"ते मला माहीत आहे. हा कुत्र्याच्या अंगावर कसा आला?"

"कसा म्हणजे? पास झालेला हाच होता. दुसरा तर पिशवीतून काढलाही नव्हता. बिनतपासणीचा कसा घालायचा?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "अगं, लाल दोरा म्हणजे मेलेला! तीन झटके खाल्लेत ह्यानं. वरून धडधाकट दिसतो, आतून टाके ढिले झालेले असतात. तपासलेला कधी वापरत नाहीत. तो कापून टाकतात. वापरायचा तो दुसरा."

"मग कापला का नाही तुम्ही?"

कारखान्यात लाल दोऱ्याला कुणी हात लावत नसे, म्हणून त्यांना वाटलं घरीही लावणार नाही. आणि मला वाटलं, लाल दोरा बांधून ठेवलाय म्हणजे हाच निवडलेला. पण हे सगळं नंतर उलगडलं. तेव्हा त्या माझ्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, "तुला खरंच माहीत नव्हतं?"

त्या 'खरंच'नं माझ्या डोक्यात तिडीक गेली. पंपावरची माणसं बघत होती, बघू देत. "नव्हतं माहीत! मी तुमच्या हातून शिकले का कधी काही? आठ महिने माझ्या गाडीत बसला नाहीत. एकदा ब्रेक दाबला मी, एकदा! मीही झटका खाल्लाच ना तेव्हा? मग मलाही बांधा लाल दोरा आणि टाका भंगारात!"

घुम्या आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. बाई सीटच्या कडेवर बसल्या. बोलायला लागल्या, आणि ते बोलणं त्यांचं वाटतच नव्हतं.

"मांडीवर कुणी धरला होता त्याला? मी. बत्तीस वर्षं पट्टे तोडले, आणि कुत्रं नुसत्या हातांवर धरून बसले. ब्रेक लागला की बावीस किलोचं कुत्रं बावीस किलोचं राहत नाही, हे सगळ्या जगाला मी सांगत होते. तू दाबलास तो ब्रेक बरोबर होता. तो पोरगा मेला असता."

"मग मला का बोललात?"

"तू समोर होतीस."

आठ महिने उरात घेऊन फिरले ते वाक्य असं तीन शब्दांत खाली ठेवलं त्यांनी. राग गेला असं नाही, पण कुठे ठेवावा ते समजेना.

घड्याळात साडेसात झाले होते. परत जाऊन दुसरा पट्टा आणायचा तर वेळ हुकणार. पुढचा गुरुवार आठ दिवसांवर, आणि गाठ तितके दिवस थांबेल याची खात्री कुणी दिली नव्हती. मी म्हटलं, "आई, तुम्ही म्हणाल तसं. वळवू का?"

त्यांनी घुम्याच्या पोटावर हात ठेवला. मग गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून आत पाहिलं, आणि कामाला लागल्या. "पुढची सीट मागं घे. अजून." पुढची सीट आणि मागची सीट यांच्यामधे पाय ठेवायच्या जागेत त्यांनी चादर अंथरली, दोन्ही बाजूंनी माझी पिशवी, त्यांची शाल, पाण्याचा कॅन असं ठासून भरलं आणि मधे घुम्याला बसवलं. उडायला त्याला जागाच राहिली नाही. मेलेला पट्टा आखूड करून अडकवला, नुसता तो उठू नये म्हणून. स्वतःचा सीटबेल्ट लावला. दोनदा ओढून पाहिला.

"हे पुरेसं नाही," त्या म्हणाल्या. "पण मी सव्वा तास बघतेय. पुढच्या गाडीपासून तू किती अंतर ठेवतेस ते. आधी नव्हतीस ठेवत. पट्टा झटका खातो आणि ढिला होतो. तुझं उलटं झालंय. चल."

मी चालवायला लागले. वेग पन्नासच्या वर नेला नाही. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. थोड्या वेळानं आरशात पाहिलं तर बाईंचे डोळे मिटलेले, मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं. झोपल्या होत्या! मला आनंद व्हायला हवा होता. अकरा वर्षं वाटत होतं, ह्या बाईनं एकदा तरी माझ्यावरची नजर काढावी. आणि काढली तर माझ्या तळहातांना घाम फुटला. आता गाडीत संशय घेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा तो मीच घ्यायला लागले. ह्या ट्रकवर, त्या सायकलवर, माझ्या उजव्या पायावर.

शहर जवळ आलं तशी गर्दी वाढली. एका टेम्पोवाल्यानं इशारा न देता गाडी माझ्या पुढ्यात घातली. मी त्याच्यावर आधीपासूनच संशय धरून होते. पाय केव्हाच ब्रेकवर होता. गाडी सावकाश थांबली, आमच्यात आणखी एक गाडी मावेल इतकं अंतर राहिलं. आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला ब्रेक, आणि बघायला कुणी जागं नव्हतं, असं मनात आलं. बाईंची मान तशीच होती.

नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी दवाखान्यात पोचलो. घुम्याला आत नेलं. आम्ही दोघी बाकावर बसलो, मधे एका माणसाची जागा सोडून. बाई भिंतीवरच्या घड्याळावरही संशय घेत होत्या, दर पाच मिनिटांनी मला मोबाईलमधली वेळ विचारत होत्या. अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती, आत फुटलेली नव्हती, पण आणखी चार दिवस ती टिकली असती असं त्यांना वाटत नव्हतं. दोन दिवस ठेवून घेऊ, शनिवारी घरी न्या, म्हणाले. बाईंनी डॉक्टरांना हात जोडले आणि पुन्हा बाकावर बसल्या. यावेळी मधली जागा सोडली नाही.

मग खिडकीतल्या मुलीनं कागद भरायला बोलावलं. नाव, पत्ता, वय, वजन झालं. तिनं विचारलं, "टाके ताजे असतील, धक्का बसता कामा नये. शनिवारी गाडीतून कसं नेणार? पिंजरा, पट्टा की दुसरं काही?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही नेईल."

"तसं नाही आजी, कशात घालून नेणार ते विचारतेय."

"पट्टा आहे घरी, नवा. पण तुम्ही लिहा, ही नेईल." मुलगी पेन धरून बसली, तशा बाई जरा चिडल्या. "अहो, सकाळी एक टेम्पो आडवा आला. इतका अचानक, की दुसरं कुणी असतं तर आम्ही सगळे पुढे जाऊन आपटलो असतो. कुत्र्यानं मानसुद्धा उचलली नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे बाई जाग्या होत्या. सगळी वाट जाग्या होत्या, डोळे मिटून.

"आई, तुम्ही झोपला होतात ना?"

"गाडीत झोप येते का कुणाला?" त्या म्हणाल्या. "माझी नजर मानेवर असली की तू बावचळतेस. म्हणून मिटले."

त्या मुलीनं शेवटी कागदावर काय लिहिलं, मला माहीत नाही. मला समोरचं नीट दिसत नव्हतं. बाईंनी कागद तिच्या हातून घेतला, सवयीप्रमाणे दोनदा वाचला आणि खाली सही केली.